रुग्णालयाची पारख

अमुक रुग्णालय उत्तम, तमुक सामान्य, असा निर्णय प्रत्येक कुटुंबाला केव्हां ना केव्हां करावा लागतो. आणि तो बहुधा ऐकीव कीर्तीवरच होतो. कीर्तीपेक्षां आंकडे पाहावे, हें खरें. पण आंकडेही फसवितात.

फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनीं १८६३ सालीं आपल्या रुग्णालयविषयक ग्रंथांत एक कोष्टक दिलें. त्याप्रमाणें लंडनच्या २४ रुग्णालयांत मृत्यूचें प्रमाण शेंकडा ९०.८४ होतें! वस्तुतः शंभरांतले नव्वद रोगी दगावत नव्हते. ३,८२८ मृत्यू होते सबंध वर्षाचे. त्यांस भागिलें मात्र ८ एप्रिल १८६१ या एकाच दिवशीं दाखल असलेल्या ४,२१४ रोग्यांनीं. वर्षभरांत बरे होऊन घरीं गेलेले असंख्य रोगी हिशेबांत आलेच नाहींत.

हा हिशेब सुधारला तरी दुसरी अडचण उरते. इतरांनीं आशा सोडलेले रोगी जेथें येतात, तेथें मृत्यू अधिक होणारच. म्हणून रोग्यांचें वय, जोडीचे विकार व येतेवेळची अवस्था पाहून किती मृत्यू अपेक्षित होते हें आधीं काढतात. समजा, रोगी दोन्हीकडे सारखेच. पण एकीकडे १० मृत्यू अपेक्षित असतां ८ झाले, दुसरीकडे ३ अपेक्षित असतां ५ झाले. मृत्यू अधिक असूनही पहिलेंच रुग्णालय सरस ठरतें. न्यूयॉर्क राज्यानें हृदयशस्त्रक्रियेसाठीं ही रीत १९८९ पासून अवलंबिली.

शिवाय सर्व शाखांना एकच माप लागत नाहीं. हृदयाच्या शस्त्रक्रियेंत प्राण वांचला काय, हें विचारावें. सांधा बदलल्यावर रोगी चालूं लागला काय, हें पाहावें. मोतीबिंदूंत मृत्यू क्वचितच, तेथें दृष्टि किती आली हेंच महत्त्वाचें. अमेरिकेंतील ‘यू. एस. न्यूज’ १९९० पासून रुग्णालयांचे शाखावार क्रम लावीत आहे. त्यांतही नेत्ररोग, मानसरोग व संधिवात या शाखांचा क्रम केवळ तज्ज्ञांच्या मतांवर लागतो. म्हणजे तेथें पुन्हां कीर्तीच!

कोणतेंही माप घेतलें तरी त्याला आधार एकच : रोग्याचें पुढें काय झालें, याची प्रामाणिक नोंद. बोस्टनचे डॉ. अर्नेस्ट कॉडमन यांनीं १९११ सालीं स्वतःचें रुग्णालय काढलें. १९१६ पर्यंत घरीं पाठविलेल्या ३३७ रोग्यांची हकीकत त्यांनीं छापली, आणि उपचारांतील १२३ चुकाही तींत नमूद केल्या. ‘हें रुग्णालय कितवें?’ याऐवजीं ‘या दुखण्याचे किती रोगी येथें आले, आणि वर्षानंतर ते कसे आहेत?’ असें विचारणारें कुटुंब फसण्याचा संभव कमी.