सीमेपलीकडचे पार्सल

घडियाळी पोळीत माझे बालपण गेले. शेजारच्या काकूंच्या भाजणीच्या चकल्या तेव्हा मांडवीपलीकडे क्वचितच जात. आज त्यांची सून त्याच चकल्या घरबसल्या ऑनलाइन विकते. तिने मला विचारले, "काका, उलाढाल जेमतेम तीन लाखांची, मग नोंदणी कशाला?" प्रश्न रास्त होता.

वस्तू व सेवा कर १ जुलै २०१७ रोजी लागू झाला. गुजरातेत केवळ वस्तू विकणाऱ्यास वार्षिक ४० लाख रुपयांपर्यंत नोंदणी लागत नाही. ही सवलत मात्र राज्याच्या वेशीपर्यंतच. करपात्र मालाचे एकच पार्सल पुण्यास विकले, तरी कायद्याच्या २४व्या कलमान्वये नोंदणी अनिवार्य ठरते. कारण या कराचा राज्याचा वाटा माल पोहोचतो त्या राज्याला मिळतो. विक्रेत्याची नोंदच नसेल, तर तो तेथवर जावा कसा?

१ ऑक्टोबर २०२३ पासून ऑनलाइन बाजारपेठांतील छोट्या विक्रेत्यांना सूट मिळाली, तीही राज्यांतर्गत विक्रीपुरती. ठरावीक हस्तकलावस्तूंना सीमेपलीकडेही २० लाखांपर्यंत मोकळीक आहे, चकलीला नाही.

नोंदणीस शुल्क नाही. भार आहे तो नियमित विवरणपत्रांचा, आणि तो लहानांना अधिक जाणवतो, हे मी मान्य करतो. तरीही तिला सांगितले : आधी नोंदणी, मग पुण्याचे पार्सल.