एक नंबर कोणाचा?

उरणजवळच्या न्हावा शेवा बंदरातल्या उंचच उंच क्रेन पाहिल्यात का कधी? २७ जून २०१७ला तिथल्या एका टर्मिनलवर गंमतच झाली. म्हणजे आपल्यासाठी गंमत, त्यांची मात्र पळापळ! क्रेन धडधाकट, ट्रक रांगेत उभे, पण काम ठप्प. बिघडले होते संगणक. कुठला कंटेनर कुठे ठेवलाय, कुठल्या ट्रकवर चढवायचाय, सगळा हिशेब त्यांच्याकडे. शेवटी माणसं हाताने कामाला लागली.

हे टर्मिनल चालवणाऱ्या मर्स्क समूहाचे जगभरातले संगणक 'नॉटपेट्या' नावाच्या घातक प्रोग्रामने गाठले होते. हा लबाड काय करायचा? डिस्कच्या अगदी सुरुवातीला, संगणकाने सुरू कसं व्हायचं ते लिहिलेलं असतं. तेच पुसून तो स्वतः तिथे बसायचा! संगणक पुन्हा सुरू झाला की पडद्यावर साळसूद निरोप : 'डिस्क तपासतोय, बंद करू नका.' आणि आत मात्र फाइलींच्या यादीला कुलूप घालणं चालू. मर्स्कने पुढे ४५,००० संगणक आणि ४,००० सर्व्हर दहा दिवसांत नव्याने उभे केले.

ते संगणक विंडोजचे होते. लिनक्स नावाच्या दुसऱ्या प्रणालीत ही सुरुवात कशी होते, ते तर फार मजेशीर आहे. बटण दाबलं की आधी चिपमधला छोटा प्रोग्राम जागा होतो. तो पुढच्या प्रोग्रामला उठवतो, मग कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा येतो. कर्नल एक प्रोग्राम सुरू करतो आणि त्याला नंबर देतो १. याचं जुनं नाव इनिट. हल्ली बहुतेक ठिकाणी हे काम सिस्टमडी करतो. बाकीच्या सर्व्हिसना, म्हणजे पडद्यामागे राबणाऱ्या प्रोग्रामना, उठवायचं ते यानेच.

पण कुणाला आधी उठवायचं? न्हावा शेव्याच्या यार्डात वरचा कंटेनर हलवल्याशिवाय खालचा निघत नाही, तसंच इथे. पूर्वी स्क्रिप्टच्या नावातच नंबर असायचे. दहा नंबरवाली आधी, वीसवाली नंतर. आता प्रत्येक सर्व्हिस आपल्या फाइलमध्ये सांगते, 'मला नेटवर्कनंतर उठवा हं.' ज्यांचं कुणावाचून अडत नाही, त्या एकदमच उठतात.

एखादी सर्व्हिस कोसळली तर? आधी तसं सांगून ठेवलं असेल, तर सिस्टमडी तिला पुन्हा उभी करतो. पण सहसा दहा सेकंदांत पाचदा उठवूनही ती पडलीच, तर तो नाद सोडतो. शहाणा आहे की नाही? आणि एखाद्या प्रोग्रामला जन्म देणारा प्रोग्राम आधीच संपला, तर त्या पोरक्याला सहसा हा एक नंबरच दत्तक घेतो.

घरात अँड्रॉइड फोन असेल, तर त्यातही लिनक्सचाच कर्नल आहे आणि तिथे १ नंबरवर अजूनही इनिटच बसतो. फोन सुरू होताना पडद्यावर जे नाव किंवा चित्र नाचतं ना, तीसुद्धा त्यानेच सुरू केलेली एक सर्व्हिस असते!