पॉवरग्लाइडची पहिली जुळणी

विदर्भाला सरळ रेषेतील शर्यत नवी नाही. तळेगाव दशासरच्या शंकरपटात बैलजोडीने ठरावीक अंतर किती सेकंदांत कापले यावर निकाल लागतो आणि सुटण्याच्या क्षणी झालेली चूक पुढे भरून काढायला वाव उरत नाही; मोटारींच्या जगात याच जातीच्या शर्यतीला ड्रॅग रेसिंग म्हणतात. उभ्या अवस्थेतून सुटून पाव मैल, म्हणजे सुमारे ४०२ मीटर, कमीत कमी वेळात पार करणे हे तिचे मूळ स्वरूप असून, अमेरिकेत १९५१ साली वॉली पार्क्स यांनी नॅशनल हॉट रॉड असोसिएशन ही संस्था स्थापन केल्यानंतर या हौसेला नियमबद्ध खेळाचे रूप आले. भारतात चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टई येथे आणि महाराष्ट्रात अ‍ॅम्बी व्हॅलीच्या विमानपट्टीवर अशा शर्यती झालेल्या आहेत. प्रेक्षकांचे लक्ष स्वाभाविकपणे इंजिनाच्या आवाजाकडे असते. परंतु इंजिनात निर्माण झालेली ताकद चाकांपर्यंत नेणारी गिअरपेटी डगमगली, तर त्या आवाजाला काही अर्थ उरत नाही.

शर्यतीची गाडी म्हटली की हाताने गिअर टाकणारा कसबी चालक डोळ्यांसमोर येतो. ड्रॅग रेसिंगच्या अनेक वर्गांत मात्र ऑटोमॅटिक गिअरपेटीच पसंत केली जाते आणि त्याचे कारण वेगापेक्षा सातत्यात आहे. ब्रॅकेट रेसिंग या लोकप्रिय प्रकारात आपली गाडी किती सेकंदांत अंतर कापेल हे चालकाला आधी जाहीर करावे लागते, आणि जाहीर वेळेहून लवकर पोहोचणाराही सहसा बाद होतो. त्यामुळे दर फेरीत सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत तीच वेळ देणारी गाडी तिथे मोलाची ठरते. पायाने क्लच सोडणाऱ्या माणसाकडून एवढे सातत्य मिळणे कठीण असते. (सर्वांत वेगवान मानल्या जाणाऱ्या टॉप फ्युएल वर्गातील गाड्यांत अशी गिअरपेटी नसतेच, त्यांचे काम अनेक चकत्यांच्या क्लचवर भागते.)

या खेळात सर्वाधिक मान मिळवलेली पेटी म्हणजे शेव्हरले कंपनीची पॉवरग्लाइड. १९५० च्या मॉडेलपासून सामान्य कुटुंबांच्या गाडीत बसवली गेलेली, १९६२ पासून अ‍ॅल्युमिनियमच्या कवचात आलेली आणि १९७३ साली उत्पादन थांबलेली ही पेटी अवघ्या दोन गिअरची आहे. पहिला गिअर मूळ गाड्यांत १.७६ किंवा १.८२ या प्रमाणाचा आणि दुसरा थेट एकास एक. रोजच्या वापरासाठी दोन गिअर अपुरे पडले, म्हणून तीन गिअरच्या टर्बो हायड्रामॅटिक पेट्या आल्या आणि पॉवरग्लाइड मागे पडली. शर्यतीत मात्र हेच न्यून तिच्या पथ्यावर पडले. तिचे वजन कमी, तिच्यातील फिरणारे भाग कमी, आणि ४०२ मीटरांत एकदाच गिअर बदलायचा असल्याने चुकण्याची संधीही एकच. आज कवचापासून आतल्या ड्रमपर्यंत तिचा जवळजवळ प्रत्येक भाग शर्यतीसाठी नव्याने बनवणाऱ्या कंपन्या आहेत, आणि पहिल्यांदाच ऑटोमॅटिक पेटी उघडणाऱ्याने सुरुवात हिच्यापासून करावी, हे मत बरेच जाणकार देतात.

पेटी समजून घेण्यासाठी आधी तिच्या पुढे बसणारा टॉर्क कन्व्हर्टर पाहावा लागतो. मॅन्युअल गाडीत इंजिन आणि गिअरपेटी यांना क्लच प्लेट जोडते. इथे त्या जागी तेलाने भरलेले एक बंद भांडे असते. इंजिनाबरोबर फिरणारी पाती तेल फेकतात, ते तेल समोरच्या पात्यांवर आदळून त्यांना फिरवते, आणि मधले स्टेटर नावाचे चक्र परतणाऱ्या तेलाला योग्य दिशा देते, त्यामुळे गाडी सुटताना इंजिनाची पीळशक्ती साधारण दुप्पट होऊन पुढे जाते. विसाव्या शतकाच्या आरंभी जर्मन अभियंते हेरमान फॉटिंगर यांनी मांडलेली ही कल्पना मूळ जहाजांसाठी होती. गाडी उभी असताना कन्व्हर्टर इंजिनाला ज्या फेऱ्यांपर्यंत चढू देतो, त्या मर्यादेला स्टॉल म्हणतात. शर्यतीच्या गाडीत ती इंजिनाच्या स्वभावानुसार बरीच वर ठेवली जाते.

कन्व्हर्टरमागे प्लॅनेटरी गिअर असतात, म्हणजे मधल्या सूर्यचक्राभोवती लहान ग्रहचक्रे आणि त्यांच्या बाहेर कडेचे वलय अशी रचना. यांतले कोणते चक्र अडवून धरायचे आणि कोणते मोकळे सोडायचे यावर गिअर ठरतो. पॉवरग्लाइडमध्ये एका ड्रमभोवती आवळला जाणारा पोलादी पट्टा एक सूर्यचक्र जागीच धरतो तेव्हा पहिला गिअर लागतो. पट्टा सुटून त्याच ड्रममधला क्लच आवळला की सगळी चक्रे एकसंध फिरू लागतात आणि दुसरा गिअर मिळतो. वेगळ्या क्लचने बाहेरचे वलय धरले की गाडी मागे जाते. ही धरसोड तेलाच्या दाबाने होते आणि कोणत्या वाटेने दाब जायचा हे व्हॉल्व्ह बॉडी नावाचा, आत नागमोडी वाटा कोरलेला ठोकळा ठरवतो. शर्यतीच्या पेटीत हा ठोकळा बदललेला असतो, त्यामुळे गिअर कधी बदलायचा हे चालकच ठरवतो. त्यात ट्रान्सब्रेक असल्यास चालकाने बटण दाबताच पुढचा आणि मागचा गिअर एकाच वेळी लागून गाडी जागीच जखडली जाते, आणि बटण सोडताच मागच्या गिअरचा दाब निघून जाऊन ती सुटते.

नागपूरसारख्या शहरातील मेकॅनिकला हे सारे परके वाटणे साहजिक आहे. ज्या पिढीने हाताला काम शिकवले, ती अ‍ॅम्बेसेडर, पद्मिनी आणि जीप यांच्या मॅन्युअल पेट्यांवर घडली. २०१४ साली मारुती सेलेरियोमधून स्वस्त ऑटोमॅटिक आली तीही मुळात मॅन्युअल पेटीच होती, फक्त तिचा क्लच आणि गिअर यंत्राकडे सोपवले गेले होते. मात्र इनोव्हा क्रिस्टा, क्रेटा, एक्सयूव्ही ७०० या गाड्यांच्या काही आवृत्त्यांत कन्व्हर्टर, प्लॅनेटरी चक्रे आणि क्लचचे थर असलेली सहा गिअरची पेटी आलेली आहे आणि तिच्या पोटातले तत्त्व पॉवरग्लाइडहून निराळे नाही. नियंत्रण संगणकाकडे गेले एवढेच. म्हणून ड्रॅग रेसिंगशी काहीही देणेघेणे नसलेल्या कारागिरालाही या जुन्या पेटीची जुळणी उपयोगी पडते.

जुळणीतला सर्वांत दुर्लक्षित टप्पा पेटी खोलण्याआधीचा असतो. जळलेल्या प्लेटी काढून नव्या घातल्या म्हणजे दुरुस्ती झाली असे नवख्याला वाटते, पण प्लेट जळणे हा परिणाम आहे, आणि कारण बहुधा दुसरीकडे असते. तळाचे चेंबर उतरवल्यावर तेलाचा रंग, वास आणि तळाशी बसलेला गाळ नीट पाहावा. थोडी बारीक करडी भुकटी ही सामान्य झीज आहे. पितळी किंवा रुपेरी कण दिसले तर बुश किंवा थ्रस्ट वॉशर घासले आहेत. काळे तुकडे आणि करपट वास असेल तर क्लच घसरला आहे. तो का घसरला याचे उत्तर फुटलेल्या सीलमध्ये, झिजलेल्या सीलिंग रिंगमध्ये, पंपाच्या कमी दाबात किंवा पट्टा सुटण्यापूर्वीच क्लच लागण्यात असू शकते. हे उत्तर न शोधता केलेली जुळणी त्याच जागी पुन्हा जळते.

खोलताना प्रत्येक वॉशरची बाजू आणि क्रम टिपून ठेवणे, शक्यतो छायाचित्रे घेणे, हे सांगण्याची गरज भासू नये. त्याहून अधिक चूक होते ती स्वच्छतेत. गॅरेजात हात पुसायला जी सुती चिंधी असते, तिचा एक धागा व्हॉल्व्ह बॉडीतल्या व्हॉल्व्हला अडकवायला पुरतो. त्यामुळे भाग धुऊन दाबाच्या हवेने कोरडे करावेत आणि धागे न सोडणारेच कापड वापरावे. अडकणारा व्हॉल्व्ह सँडपेपरने घासून मोकळा करण्याचा मोह होतो, पण व्हॉल्व्हच्या कडा मुद्दाम धारदार ठेवलेल्या असतात, कारण तीच धार कचऱ्याला आत शिरू देत नाही. ती एकदा गोल झाली की व्हॉल्व्ह पुन्हा पुन्हा अडकत राहतो.

क्लचचा ड्रम भरणे हे या कामातले खरे शिक्षण. त्यात एक पोलादी चकती आणि एक घर्षणाचे अस्तर लावलेली प्लेट असे थर आळीपाळीने बसतात. अस्तराच्या प्लेटी निदान अर्धा तास ट्रान्समिशन तेलात भिजवाव्या लागतात, कारण कोरड्या प्लेटी पहिल्याच वापरात करपतात. थर भरून वरची जाड चकती आणि सर्क्लिप बसवली की त्या दोहोंतील मोकळी जागा फिलर गेजने मोजायची. प्रचलित ठोकताळा असा की अस्तराच्या दर प्लेटीमागे साधारण ०.२५ मिलिमीटर जागा हवी, म्हणजे सहा प्लेटींना सुमारे दीड मिलिमीटर. शर्यतीसाठी काही कारागीर यापेक्षा कमी ठेवतात. जागा फारच कमी राहिली तर क्लच सुटलेला असतानाही प्लेटी एकमेकींना घासतात. जास्त राहिली तर पिस्टनला लांब सरकावे लागते, गिअर लागायला उशीर होतो आणि त्या उशिरात घसरण होते. माप जुळवायचे ते वेगळ्या जाडीच्या चकत्या घालून. चकती घासून पातळ करणे ही पळवाट आहे.

पिस्टनच्या रबरी सीलची ओठासारखी कड तेलाच्या दाबाकडे तोंड करून बसली पाहिजे आणि ड्रममध्ये जाताना ती दुमडता कामा नये. तेल लावून, पातळ गुळगुळीत पट्टीने कड हळूहळू आत सारत नेण्याला पर्याय नाही. कड कापली गेली तरी बाहेरून काही दिसत नाही. म्हणूनच पेटी बंद करण्याआधी तेलाच्या वाटेतून दोन-तीन बार दाबाची हवा सोडून पाहतात. पिस्टन ठक् असा आवाज करून सरकला आणि दाबलेला राहिला तर सील धड आहे. लांबट फुसकारा आला तर ड्रम पुन्हा खोलावा, कितीही कंटाळा आला तरी. पट्ट्याची जुळवणीही अशीच मापाची असते. शेव्हरलेच्या जुन्या सर्व्हिस सूचनांत समायोजनाचा स्क्रू ७० इंच-पाउंड, म्हणजे सुमारे ८ न्यूटन-मीटर, आवळून मग पट्टा किती वापरला आहे यानुसार तीन किंवा चार पूर्ण फेरे सोडायला सांगितले आहे. हे हाताच्या अंदाजाने जमत नाही. टॉर्क पाना लागतोच.

शेवटच्या टप्प्यावर, सगळे नीट झाले असताना, नवखे कारागीर पंप मोडतात. कन्व्हर्टर पेटीवर बसवताना तो आतल्या आसात, स्टेटरच्या आधारात आणि पंपाच्या दात्यांत असा तीन ठिकाणी बसावा लागतो. तो तिसऱ्या जागी न बसताच पेटी इंजिनाला लावली आणि उरलेली फट बोल्ट आवळून मिटवली, तर इंजिन पहिल्यांदा चालू होण्याआधी किंवा होताक्षणी पंपाचे तुकडे होतात. पेटी इंजिनाला पूर्ण टेकल्यावरही कन्व्हर्टर हाताने फिरला पाहिजे, आणि तो इंजिनाच्या मागच्या, फ्लेक्सप्लेट नावाच्या चकतीपासून साधारण तीन ते पाच मिलिमीटर मागे राहिला पाहिजे. तसे नसेल तर पेटी उतरवावी. बोल्टने ओढून घेऊ नये.

उष्णतेचा विचार नागपुरात वेगळा करावा लागतो. ट्रान्समिशन तेल सुमारे ८० अंश सेल्सिअसपर्यंत सुखाने टिकते आणि त्यापुढे दर अकरा-बारा अंशांना त्याचे आयुष्य निम्मे होते, असा या व्यवसायातला हिशेब आहे. उंच स्टॉलचा कन्व्हर्टर तेल घुसळून काही सेकंदांत प्रचंड उष्णता निर्माण करतो, आणि मे महिन्यात बाहेरचीच हवा ४५ अंशांपलीकडे गेलेली असताना तेलाचा कूलर लहान ठेवणे परवडत नाही. स्वतंत्र, पंखा असलेला कूलर आणि तेलाचे तापमान दाखवणारा काटा हा खर्च इथे चैनीचा म्हणता येणार नाही.

सुरक्षेबाबत थोडक्यात, पण नि:संदिग्ध सांगायला हवे. पॉवरग्लाइडचा मूळ ओतीव ड्रम कौटुंबिक गाडीच्या फेऱ्यांसाठी बनला होता. शर्यतीच्या फेऱ्यांवर तो फुटून तुकडे कवचाबाहेर, चालकाच्या पायांपर्यंत येऊ शकतात. म्हणून पोलादी ड्रम आणि प्रमाणित संरक्षक कवच यांच्या खर्चाला कात्री लावू नये. नागपूरहून निघणाऱ्या ७०१ किलोमीटरच्या समृद्धी महामार्गाचे सरळ पट्टे पाहून कोणाला तिथेच चाचणी घेण्याचा मोह झाला, तर मोटार वाहन कायद्याचे कलम १८९ सार्वजनिक ठिकाणी शर्यत आणि वेगाची चाचणी यांना तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही सांगते, आणि दुसऱ्यांदा सापडल्यास वर्षभराची कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. शर्यतीची गाडी ट्रेलरवरून धावपट्टीपर्यंत न्यायची असते.

पहिल्या जुळणीला लागणारी महत्त्वाची साधने म्हणजे फिलर गेज, डायल गेज, टॉर्क पाना, दाबाची हवा आणि स्वच्छ टेबल. बहुतेक बऱ्या गॅरेजांत यांतली निम्मी आधीच असतात. नागपुरातील आयटीआय आणि तंत्रनिकेतनांनी अपघातग्रस्त गाडीतून निघालेली एखादी कन्व्हर्टरची ऑटोमॅटिक पेटी भंगारात जाऊ न देता विकत घ्यावी, आणि विद्यार्थ्यांकडून ती खोलून, मोजून, पुन्हा जुळवून घ्यावी.