१८० रुपयांची कैफियत

आरोग्याची धोरणे मंत्रालयात किंवा दिल्लीस ठरतात आणि ज्यांच्यासाठी ती ठरतात ती माणसे त्या वेळी वीटभट्टीवर, भाताच्या खाचरात किंवा दवाखान्याच्या पायरीवर असतात, हे आपण इतके गृहीत धरलेले असते की, ठाणे जिल्ह्यातल्या एका आदिवासी तालुक्यात गावकरी सरकारी वैद्यकीय अधिकाऱ्यांना भर सभेत जाब विचारणार आहेत, आणि तेही सरकारच्याच योजनेतील तरतुदीनुसार, असे एका स्नेह्याने सांगितले तेव्हा ते मला खरेच वाटेना. ती जनसुनावणी पाहण्यासाठी मी गेलो तो या अविश्वासापोटीच. पालघर जिल्हा वेगळा होण्यापूर्वीची, २०१४ च्या आधीची ही हकिकत आहे.

राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान २००५ साली सुरू झाले, त्यात लोकांनी आरोग्यसेवेवर देखरेख ठेवावी अशी तरतूद होती, आणि महाराष्ट्रात २००७ पासून पुणे, ठाणे, नंदुरबार, अमरावती व उस्मानाबाद या पाच जिल्ह्यांत पुण्याच्या ‘साथी’ संस्थेच्या समन्वयाने ती अमलात येऊ लागली. गावची समिती प्रश्नावली भरत असे, उत्तरांवरून आरोग्य केंद्राला हिरवा, पिवळा किंवा लाल रंग मिळत असे, तो तक्ता सर्वांना दिसेल असा लावत आणि मग सुनावणी भरत असे.

सभागृहात टेबलामागे हुद्देदार आणि पंच, समोर सतरंजीवर गावकरी. पहिल्या काही तक्रारी परिचित होत्या: आरोग्यसेविकेचे पद रिक्त, उपकेंद्राला पाणी नाही, रुग्णवाहिका नादुरुस्त. त्यानंतर एक मध्यमवयीन बाई उठली. नातवाला ताप आला म्हणून ती त्याला कडेवर घेऊन केंद्रात गेली होती. डॉक्टर हजर होते, त्यांनी मुलाला नीट तपासले, हेही तिने न चुकता सांगितले. परंतु औषध शिल्लक नव्हते, म्हणून चिठ्ठी मिळाली आणि बाजारातल्या दुकानात १८० रुपये पडले. “किती म्हणालात?” पंचांनी विचारले. “एकशे ऐंशी,” ती म्हणाली, आणि मागच्या रांगेतून कोणीतरी तोच आकडा पुन्हा मोठ्याने उच्चारला.

माझे लक्ष त्या बाईइतकेच तिच्या शेजारी उभ्या असलेल्या कार्यकर्तीकडे होते. पोलके-पातळातली, त्याच तालुक्यातली, तिशीतली ही मुलगी त्या बाईच्या वतीने भाषण करील अशी माझी अपेक्षा होती. तिने ते केले नाही. “मावशी, दिवस कोणता होता? चिठ्ठी आणलीत ना?” एवढेच तिने विचारले, आणि बाईने प्लॅस्टिकच्या पिशवीतून घडीघडी झालेली चिठ्ठी काढून टेबलावर ठेवली. गरिबांची बाजू मांडणे म्हणजे त्यांच्यासाठी आवेशाने बोलणे, ही माझी जुनी समजूत त्या क्षणी गळून पडली. दुःखाला तारीख, रक्कम आणि पुरावा यांचे असे रूप देणे की दफ्तराला त्याच्याकडे पाठ फिरवता येऊ नये, हेच या कामाचे खरे कौशल्य आहे.

वैद्यकीय अधिकारी उत्तरास उभे राहिले. त्यांचाही आवाज दाटलेला होता. मागणीपत्र वेळेवर गेले होते, पुरवठाच आला नव्हता, आणि रोज रिकाम्या कपाटासमोर बसून चिठ्ठ्या लिहिणे त्यांनाही असह्य झाले होते. एखादी कमी अनुभवी कार्यकर्ती येथे एक तर विरघळली असती किंवा संतापली असती. हिने शांतपणे विचारले, “मागणीपत्राची तारीख आणि जावक क्रमांक सांगता का, साहेब?” तो क्रमांक इतिवृत्तात नोंदला गेला आणि १८० रुपयांची तक्रार डॉक्टरांच्या डोक्यावरून पुढे, तालुक्याकडून जिल्ह्याकडे आणि जिल्ह्याकडून राज्याकडे, चालू लागली.

अशा जनसुनावण्यांनी अधिकाऱ्यांचे मनोधैर्य खचते आणि अडाणी माणसांना धोरणातले काय कळणार, असा आक्षेप मी सुशिक्षितांच्या तोंडून पुष्कळदा ऐकला आहे. तो मला मुळीच मान्य नाही. औषध-खरेदीची व्यवस्था कोठे तुटली आहे हे त्या बाईच्या चिठ्ठीने जितके नेमके दाखवले तितके वार्षिक अहवालांतून क्वचितच दिसते. पैसे नाहीत म्हणून कोणीही उपचारांवाचून राहू नये, असे देशाच्या आरोग्यव्यवस्थेचा आराखडा आखणाऱ्या भोर समितीने १९४६ सालीच लिहून ठेवले होते. परंतु मजुरीचे दीड-दोन दिवस एका चिठ्ठीत गेले, हे सांगायला समितीच्या अहवालाला तोंड नव्हते, ते त्या बाईला होते.

तुटलेल्या औषध-खरेदीवर उपाय ठाऊक नव्हता असे नाही. तामिळनाडूने १९९४ साली त्यासाठी स्वतंत्र महामंडळ स्थापिले होते, आणि तशीच पारदर्शक पद्धत महाराष्ट्रात यावी अशी मागणी जन आरोग्य अभियान या आरोग्य-हक्कांसाठी झटणाऱ्या संघटनांच्या मंचाने वर्षानुवर्षे लावून धरली. गावोगावच्या रिकाम्या कपाटांच्या नोंदी हाच तिचा आधार होता. वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरणाचा कायदा राज्याने केला तो २०२३ साली. एवढा काळ अर्ज, इतिवृत्ते, पुन्हा अर्ज आणि शिष्टमंडळे यांत गेला, आणि त्यातले बहुतेक काम अशा माणसांनी केले ज्यांची नावे कोणत्याही राजपत्रात येणार नाहीत.

सभा उठल्यावर मी त्या कार्यकर्तीस विचारले, त्या बाईचे १८० रुपये परत मिळतील काय? “ते नाही मिळायचे,” ती म्हणाली, “पण पुढच्या सुनावणीला पहिला विषय हाच घेणार.” आणि ती पाड्यावर परतणाऱ्या बायकांसाठी गाडी ठरवायला गेली.