पीएफचा नॉमिनी म्हणजे मालक नव्हे

नोकरीला लागलो त्या दिवशी ऑफिसात फॉर्मचा ढीग समोर येतो. ‘नॉमिनी’च्या रकान्यात आपण अब्बांचं किंवा थोरल्या भावाचं नाव लिहितो आणि विसरून जातो. पुढे निकाह होतो, मुलं होतात, पण फॉर्म तोच राहतो. मग इंतकालनंतर घरात प्रश्न उभा राहतो: ज्याचं नाव, त्याचाच पैसा का?

तसं नाही. नॉमिनी हा पैसे ताब्यात घेणारा अमानतदार असतो. पीएफबाबत २००९ मध्ये आणि शेअर व म्युच्युअल फंडांबाबत २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हेच सांगितलं: वाटप मृताला लागू असलेल्या वारसा कायद्याप्रमाणेच होतं. आपल्यासाठी तो कायदा म्हणजे शरीयत. सूरह निसाच्या आयत ११ आणि १२ मध्ये हिस्से ठरवून दिले आहेत. फॅमिली पेन्शन मात्र मीरासमध्ये येत नाही, ती नियमात पात्र असलेल्या व्यक्तीलाच मिळते.

एक हिशेब करून पाहू. मरहूमांच्या पीएफचे २४ लाख आले. मागे बीवी, आई, एक मुलगा आणि दोन मुली आहेत, वडील आधीच वारले. सर्वप्रथम कफन-दफनाचा खर्च आणि कर्ज. बाकी असलेला महर हेही कर्जच आहे, हे आपण सहसा विसरतो. समजा असं काही देणं नाही आणि वसीयतही नाही. तर बीवीला आठवा हिस्सा, ३ लाख. आईला सहावा, ४ लाख. उरलेल्या १७ लाखांतून मुलाला साडेआठ लाख आणि प्रत्येक मुलीला सव्वाचार लाख. फॉर्मवर नाव एकट्या मुलाचं असलं, तरी बहिणींचा हक्क बुडत नाही.

मग नॉमिनी म्हणून एखाद्या ट्रस्टचं, मदरशाचं किंवा यतीमखान्याचं नाव टाकता येईल का? १९५२ च्या कर्मचारी भविष्य निर्वाह निधी योजनेनुसार, कुटुंब असेल तर नॉमिनी कुटुंबातलाच हवा, बाहेरचं नाव रद्द ठरतं. शादीआधी, कुटुंब नसताना, केलेलं नॉमिनेशनही कुटुंब झालं की आपोआप बाद होतं. म्हणून निकाहनंतर नवं नॉमिनेशन भरणं आलंच.

ट्रस्टला द्यायचंच असेल, तर रस्ता वसीयतीचा आहे. कर्ज फेडून उरलेल्या मालमत्तेच्या एक तृतीयांशापर्यंत वसीयत करता येते. सुन्नी फिकहनुसार ती वारसाच्या नावे करायची तर बाकीच्या वारसांची संमती लागते. पण जो वारस नाही, त्याच्यासाठी हा दरवाजा उघडा आहे. आपला एक मुलगा हयात असेल, तर आधी वारलेल्या मुलाच्या लेकरांना मीरासमध्ये काही मिळत नाही. अशा यतीम नातवंडांच्या शिक्षणासाठी दादानं एक तृतीयांशाच्या आत वसीयत करावी, हवं तर ती रक्कम खासगी ट्रस्टमध्ये ठेवावी आणि विश्वासू माणसांना ट्रस्टी नेमावं.

आणखी एक गोष्ट. वडील गेले की अल्पवयीन मुलांच्या मालमत्तेची पालक आई आपोआप होत नाही. आधी वडिलांनी वसीयतीनं नेमलेला माणूस, नंतर दादा, असा क्रम आहे. कुणीच नसेल तर न्यायालयात जावं लागतं. वडील मात्र वसीयतीत आईलाच नेमू शकतात. एवढी एक ओळ लिहिलेली असली, तर इद्दतीनंतर त्या बाईच्या कोर्टाच्या खेपा वाचतात.

तेव्हा या आठवड्यात दोन कामं करू या. पीएफ आणि ग्रॅच्युइटीच्या नॉमिनीचं नाव तपासू या. आणि एका कागदावर कर्ज, महर, खाती लिहून तो कागद बीवीला दाखवू या. वसीयत करायची असेल तर आलिम आणि वकील, दोघांनाही विचारून दोन साक्षीदारांसमोर करावी. मौतीची वेळ कुणालाच ठाऊक नाही. मागे राहणाऱ्यांना भांडणात सोडून जायचं की हिशेबात, एवढं तरी आपल्या हातात आहे.