सतराव्या वर्षी स्पेशालिटी? जरा थांबा

निकालाच्या दिवसांत नाशिकमधल्या पालकांकडून हमखास ऐकू येणारा प्रश्न : "मुलीला नर्सिंगला घालतोय, पण आयसीयू घ्यायला सांगू की ओटी?" प्रश्न काळजीपोटीच आहे, फक्त पाच-सहा वर्षं आधी विचारलेला.

गैरसमज : स्पेशालिटी आधी ठरवायची, मग प्रवेश घ्यायचा. बी.एस्सी. नर्सिंगच्या प्रवेशात असा काही रकानाच नसतो. चार वर्षांच्या, आठ सत्रांच्या या अभ्यासक्रमात सगळ्यांना सगळीकडे जावं लागतं. मेडिकल आणि सर्जिकल वॉर्ड, शस्त्रक्रियागृह, बालरुग्ण विभाग, प्रसूतिकक्ष, मनोरुग्ण विभाग, शिवाय गावात घरोघरी फिरून समुदाय आरोग्य. आयसीयूचं आकर्षण बऱ्याचदा टीव्ही मालिकांतून आलेलं असतं. पहिल्या रात्रपाळीनंतर ते टिकलं तर खरं. शाखा येतात त्या एम.एस्सी.ला, आणि त्या पाच आहेत : मेडिकल-सर्जिकल, बालरुग्ण, प्रसूती व स्त्रीरोग, मानसिक आरोग्य आणि समुदाय आरोग्य. त्याआधी किमान वर्षभराचा अनुभव लागतो. एवढं शिकायचं नसेल तर नोंदणीकृत परिचारिकांसाठी क्रिटिकल केअर, कर्करोग, नवजात शिशू, आपत्कालीन सेवा अशा विषयांचे एका वर्षाचे पोस्ट बेसिक डिप्लोमा आहेत. शालिमारच्या विभागीय संदर्भ सेवा रुग्णालयात हृदय, मूत्रपिंड आणि कर्करोगाचे रुग्ण येतात. सुरगाणा-पेठच्या उपकेंद्रांत गरोदर माता आणि लसीकरण हीच मोठी कामं. ही दोन्ही टोकं एकाच पेशातली. आपलं मन कुठे लागतं, हे दोन्हीकडे थोडं वावरल्यावर कळतं. आणि नोकरीत सुरुवातीला कुठली ड्युटी मिळेल, ते आवडीपेक्षा रुग्णालयाच्या गरजेवरच जास्त ठरतं.

मग दहावीनंतर खरोखर ठरवायचं काय? विषय. "आत्ता मॅथ्स ठेवू, पुढचं पुढे" म्हणत अकरावीत बायोलॉजी सोडलं की बी.एस्सी. नर्सिंगचं दार बंद होतं. बारावीत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी हवं. खुल्या गटाला ४५ टक्के लागतात. प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरपर्यंत सतरा वर्षं पूर्ण असावी लागतात.

गैरसमज : आर्ट्स-कॉमर्सवाल्यांना नर्सिंग नाही. आहे. तीन वर्षांच्या जीएनएमला बारावी कुठल्याही शाखेची चालते. इंग्रजी आणि ४० टक्के गुण मात्र हवेत. जीएनएमनंतर दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बी.एस्सी. करता येतं, म्हणजे पदवीला चाराऐवजी पाच वर्षं. घरी लवकर पगार यायला हवा असेल, तर तिसऱ्या वर्षानंतर नोकरी धरून पदवी पुढे करण्याचा हा मार्ग वाईट नाही.

गैरसमज : नीटमध्ये मार्क पडले नाहीत तर नर्सिंग. महाराष्ट्रात बी.एस्सी. नर्सिंगची स्वतंत्र सीईटी होते. तिची तयारी न करता नीटच्या निकालाकडे डोळे लावून बसणाऱ्यांची दोन्हीकडून पंचाईत होते. नर्सिंग करून पुढे एमबीबीएसला 'वरच्या वर्षात' जाता येतं, हीही नुसती अफवा. तसा पूल नाही.

गैरसमज : 'सहा महिन्यांत नर्स व्हा'. या जाहिरातींबद्दल मी सौम्य लिहिणार नाही. असल्या कोर्सने फार तर मदतनीस होता येतं. परिचारिका म्हणून काम करायला महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी लागते आणि ती मान्यताप्राप्त अभ्यासक्रमाशिवाय मिळत नाही. सरकारी भरती असो की परदेशातली नोकरी, नोंदणीवाचून पुढे सरकतच नाही. नाशिककरांची इथे एक खास गल्लत होते. म्हसरूळला महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे, म्हणून शहरातला नर्सिंगचा प्रत्येक फलक त्याच्याशी जोडलेला असेल असं वाटतं. विद्यापीठाची संलग्नता पदवी आणि पदव्युत्तर अभ्यासक्रमांना असते. एएनएम (सहायक परिचारिका-प्रसाविका) आणि जीएनएमच्या परीक्षा राज्याचं शुश्रूषा व परावैद्यक शिक्षण मंडळ घेतं. फी भरण्याआधी त्या-त्या संस्थेच्या यादीत कॉलेजचं नाव स्वतः शोधा, माहितीपत्रकावर विसंबू नका.

गैरसमज : पगार नाही, मान नाही. मानाची गोष्ट जुनी आहे. न्यायमूर्ती रानड्यांचा जन्म आपल्या निफाडचा. त्यांच्यामागे पत्नी रमाबाईंनी १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन उभं केलं आणि तिथल्या विधवांना परिचारिकेचं शिक्षण घ्यायला ससूनमध्ये धाडलं, तेव्हा केवढी नाकं मुरडली गेली! आज राज्य सेवेतल्या अधिपरिचारिकेची वेतनश्रेणी ३५,४०० रुपयांपासून सुरू होते. केंद्राच्या रुग्णालयांत हेच पद २०१६ पासून 'नर्सिंग ऑफिसर' म्हणून ओळखलं जातं आणि तिथलं मूळ वेतन ४४,९०० पासून. भत्ते वेगळे. पण पूर्ण चित्र सांगायचं तर शहरातल्या लहान खासगी रुग्णालयांत पगार यापेक्षा खूप कमी असतो, आणि सुरुवात अनेकींची तिथूनच होते.

परदेशाचं स्वप्न दाखवणारे एजंट परीक्षांचं सांगायला विसरतात. अमेरिकेला एनक्लेक्स, ब्रिटनला सीबीटी आणि नंतर प्रत्यक्ष कौशल्यांची ऑस्की. जर्मनीला आधी जर्मन भाषा.

गैरसमज : हे मुलींचंच क्षेत्र. बी.एस्सी. आणि जीएनएम दोन्हींना मुलगे जातात. वॉर्डात त्यांना 'ब्रदर' म्हणतात. मुलींपुरत्या वाटा दोन. एक एएनएम. दुसरी लष्करी शुश्रूषा सेवेची : पुण्याच्या एएफएमसीसह सहा लष्करी महाविद्यालयांत अविवाहित मुलींना बी.एस्सी. करता येतं आणि पुढे लेफ्टनंट म्हणून रुजू होता येतं. आणि हो, या एका वाटेला मात्र नीटचे गुण लागतात.