तूप मावेल तेवढे

काही बायका निजण्यापूर्वी पोथीचा अध्याय वाचतात. मी पाकपुस्तकाचे पान वाचते. त्यातले काही करायचेच असते असे नाही. वयाच्या पंचाहत्तरीत रात्री दहा वाजता कोण पुरण शिजवणार? पण 'मंद आचेवर गुलाबी होईपर्यंत परतावे' एवढे वाचले तरी मला घरात कोणी जागे असल्यासारखे वाटते. मुलगा सकाळी विचारतो, "आई, काल रात्री काय वाचून जेवलीस?" मीही गंभीरपणे सांगते, "सांदण."

माझ्या फळीवर या पुस्तकांचे एक गणगोतच जमले आहे. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे 'सूपशास्त्र' १८७५ सालचे. लक्ष्मीबाई धुरंधरांचे 'गृहिणी-मित्र' १९१० चे. पाठारे प्रभूंच्या घरची मासळी-मटणाची पाने मी केवळ वाचनानंद म्हणून वाचते. दुर्गाबाई भागवतांचे 'खमंग' आहे, मंगला बर्व्यांची 'अन्नपूर्णा' आहे, आणि या सर्वांत जास्त हाताळलेली, हळदीच्या बोटांची कमलाबाई ओगल्यांची 'रुचिरा' आहे. 'रुचिरा' १९७० साली निघाली. कमलाबाईंचे शाळेतले शिक्षण चौथीपर्यंतच झालेले; पण त्यांनी एक गोष्ट नेमकी ओळखली. नव्या सुनेजवळ तराजू नसतो, वाटी आणि चमचा असतो. त्यांनी वाटी-चमच्याने मापे दिली आणि पुस्तकाच्या लाखावर प्रती घरोघर गेल्या.

या साऱ्या पुस्तकांच्या खाली एक वही आहे. ती माझ्या आईची. आज सांगायचे आहे ते तिच्याविषयी.

माझे माहेर बाजारहत्नूरचे. इच्चोड्याला हमरस्ता सोडून आत वळले की कापसाची आणि ज्वारीची शेते लागतात आणि मग आमचे गाव. पूर्वी हा बोथ तालुका निजामाच्या राज्यात होता. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा किनवट तालुका आणि आमच्याच बोथ तालुक्यातले इस्लापूर सर्कल नांदेडकडे गेले. बाजारहत्नूर आंध्र प्रदेशात राहिले आणि २०१४ पासून तेलंगणात आहे. मी तेव्हा सहा वर्षांची होते. किनवटची आत्या एकाएकी परराज्यातली झाली, एवढेच मला कळले. घरातली मराठी मात्र जागची हलली नाही. आई तिच्यातच भांडत असे, तिच्यातच ओव्या म्हणत असे आणि तिच्यातच वहीत लिहीत असे.

त्या वहीच्या सोळाव्या पानावर नानकटाई आहे. आई-वडील एकदा हैदराबादेस गेले होते, तेव्हा एका नातलगांकडे ती आईने प्रथम चाखली. शहरात नानकटाई म्हणजे भट्टीची वस्तू. मैदा, साखर, तूप घरून डब्यांत भरून बेकरीत द्यायचे आणि संध्याकाळी तेच डबे खरपूस वासाने भरून परत आणायचे. नानकटाईचे मूळ सुरतेच्या वलंदेजांच्या भट्टीपर्यंत नेऊन सांगतात. बाजारहत्नूरला भट्टी कुठली! आईने पितळी पातेल्यात वाळू पसरली, त्यावर ताटली ठेवली, झाकणावर निखारे रचले आणि आपली भट्टी आपणच उभी केली. तिची नानकटाई जिभेवर ठेवली की विरघळायची. दिवाळीत शेजारपाजारची मुले आमच्या ओसरीवर उगाच घुटमळत, ती याचसाठी.

वहीत लिहिले आहे: 'मैदा अदशेर. साखर पावशेर, दळून. वेलदोडे चार. तूप मावेल तेवढे.'

तूप मावेल तेवढे! या तीन शब्दांनी मला चाळीस वर्षे छळले. शेर-छटाकाचे ग्रॅम मला करता आले. शेर म्हणजे साधारण ९३३ ग्रॅम, तेव्हा अदशेर ४६७ आणि पावशेर २३३. पण 'मावेल' याचे ग्रॅम किती? आई असेपर्यंत मी विचारले नाही. समोर बसलेल्या माणसाला माप काय विचारायचे, असे वाटले. आई गेल्यावर दरवर्षी दिवाळीत मी करून पाहिले. कधी नानकटाई दगडासारखी झाली, कधी ताटलीत पसरून तिचे थालीपीठ झाले. शेवटी मी करणे सोडले आणि वही तळाशी गेली.

गेल्या जूनमध्ये माझी नात अमेरिकेहून आली. वय वर्षे सोळा. मराठी बोलते, समजते, वाचता मात्र येत नाही. तिला घेऊन मी बाजारहत्नूरला भावाकडे गेले. दुसऱ्याच दिवशी तिने जाहीर केले, "आजी, मी तुम्हा सगळ्यांना चॉकलेट चिप कुकीज करून घालणार."

या बिस्किटांची कुळकथा तिनेच मला प्रथम सांगितली आणि मी ती मग आवडीने वाचून काढली. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या व्हिटमन गावी रूथ वेकफील्ड ही बाई आणि तिचे यजमान १९३० पासून 'टोल हाउस' नावाची खाणावळ चालवीत. बाई गृहशास्त्र शिकलेली होती. १९३८ च्या सुमारास तिने नेस्लेच्या चॉकलेटच्या वडीचे बारीक तुकडे करून बिस्किटाच्या पिठात घातले. ते विरघळून जाण्याऐवजी जागच्या जागी मऊ राहिले आणि एक नवा पदार्थ जन्मला. हे चुकून घडले अशी गोष्ट लोक रंगवून सांगतात. बाई स्वतः म्हणे की विचार करूनच केले होते. माझा विश्वास बाईवर आहे. स्वयंपाकघरात बायकांनी डोके चालवून जे केले, त्याला लोक 'सहज जमले' म्हणतात, हे काही अमेरिकेतच होते असे नाही. ती खाणावळ १९८४ साली जळाली. कृती मात्र जगभर शिल्लक आहे, कारण ती मापासकट लिहिलेली होती.

आमची पहिली खेप पार फसली. भावजयीने आधीच बजावले होते, "वन्सं, अंडं मात्र या ओट्यावर नको हं." म्हणून अंड्याच्या जागी दही घेतले. ते बिघडले नाही. चॉकलेटची वडी आम्ही चक्क अडकित्त्याने कातरली. तेही ठीक झाले. घोटाळा झाला तो कपाचा. नातीच्या कृतीत मैदा सव्वादोन कप होता. मी कपाटातला चहाचा कप काढून दिला आणि तिने तो विश्वासाने वापरला. अमेरिकेचा कप सुमारे २३७ मिलिलिटरचा, आमचा जेमतेम दीडशेचा. लोणी मात्र पुडक्यावरचे वजन पाहून पुरते घातलेले. वर जूनचा उकाडा. लोणी आधीच पातळ, त्याला धरून ठेवायला मैदा अपुरा. पातेल्यातून निघाली ती बिस्किटे नव्हती, एकच एक अखंड पोळी निघाली. भाऊ म्हणाला, "छान आहे, घडी घालून खाऊ."

नात रडवेली झाली नाही. तिने आपल्या पिशवीतून तळहाताएवढा वजनकाटा काढला. "आजी, कप विसर. आपण वजनानं करू." एका कपाला मैदा १२० ग्रॅम धरला. पिठाचा गोळा रात्रभर फ्रिजमध्ये ठेवला. थंड गोळा उशिरा वितळतो, म्हणून कमी पसरतो. तिच्या कृतीतल्या तपकिरी साखरेच्या जागी आम्ही किसलेला गूळ घातला. जाड बुडाच्या पातेल्यात मीठ तापवून त्यावर ताटली ठेवली. पंधरा मिनिटांनी कडा तपकिरी, मध्ये मऊ अशी बारा बिस्किटे निघाली. गुळाचा वास आणि चॉकलेटचा कडवटपणा यांचे इतके पटेल असे मला वाटले नव्हते. भावजयीने दोन खाल्ली आणि तिसरे देवाजवळ ठेवले.

तो काटा पाहून मला तळाची वही आठवली. ती मी बरोबर का नेली होती, मला सांगता येणार नाही. नातीला मी सोळावे पान वाचून दाखवले. 'मावेल तेवढे' यावर ती हसली नाही. म्हणाली, "तुला पीठ कसं व्हायला हवं ते माहीत आहे ना? मग तू घालत जा. मी मोजते."

एवढी साधी युक्ती मला चाळीस वर्षांत सुचली नव्हती! मी माप शोधत होते. हाताला विचारायचे राहून गेले होते. आईजवळ पाट ओढून बसत असे तेव्हा तो गोळा मी कितीदा मुठीत धरला होता. दाबला की वळावा, सोडला की भेग पडू नये, बोटांना मात्र तूप लागू नये. नातीने तुपाचे भांडे आधी तोलले. मी डोळे अर्धवट मिटून साखर-तूप फेसले, मैदा घातला, पुन्हा चमचा चमचा तूप घालत गेले, आणि एका क्षणी हात आपणच थांबला. तिने भांडे पुन्हा काट्यावर ठेवले. २८२ ग्रॅम तूप गेले होते.

नानकटाई विरघळली. मी बराच वेळ काही बोलले नाही.

दिवाळीत हैदराबादेस पुन्हा केली तेव्हा २८२ थोडे कमी पडले. थंडीत थिजलेले तूप जास्त फेसले जाते आणि पीठ आणखी चमचाभर मागते. तेव्हा कळले, आईने आळस केला नव्हता. तिने खरे तेच लिहिले होते. पण ते खरे तिच्या शेजारी बसणाऱ्या मुलीसाठी होते. मुलगी दूर गेली, की तिला आकडा लागतो. पाकपुस्तके मला का आवडतात, हे मला या वयात उमगले. ज्यांना ज्यांच्या शेजारी बसता येणार नाही, त्यांच्यासाठी कोणीतरी खपून मापे लिहून ठेवलेली असतात.

आमची घरे आता हैदराबाद, पुणे, न्यू जर्सी अशी विखुरली आहेत. या पानाच्या वाचकांतही अशी घरे पुष्कळ असतील. नातवंडे वही वाचतील की नाही, ही काळजी माझ्याइतकीच तुमचीही असेल. मला तिचे पुरते उत्तर सापडलेले नाही. पण सोळाव्या पानावर आईच्या अक्षराखाली आता दोन ओळी वाढल्या आहेत. एक माझी: 'जूनमध्ये २८२ ग्रॅम, दिवाळीत चमचाभर जास्त.' दुसरी नातीची. तिने मला अक्षरे विचारून विचारून, वाकडीतिकडी, पण देवनागरीत लिहिली आहे: 'पणजीची नानकटाई.' समोरच्या पानावर तिची बिस्किटे, गूळ-दह्यासकट, वजनात.

तुमच्या घरी 'अंदाजाने' म्हणणारे कोणी असेल, तर आज संध्याकाळीच त्यांच्याजवळ पाट ओढून बसा. ते घालतील; तुम्ही मोजा.